फुकटची ऊर्जा आणि जमाखर्चाचा नियम

धर्माबाद तालुक्यातील बाभळी बंधाऱ्याचे दरवाजे सर्वोच्च न्यायालयाच्या 2013 च्या निकालानुसार दरवर्षी 1 जुलै ते 28 ऑक्टोबर उघडे ठेवावे लागतात. त्यानंतर जे पाणी अडते ते गोदावरीच्या पात्रात, आणि शेते असतात काठावर, उंचावर. पाणी वर चढवायचे तर पंप हवा, पंपाला वीज हवी आणि शेतीची वीज ठरावीक तासच मिळते. अशा मुलखात ‘इंधन नको, वीज नको, एकदा फिरवले की कायम फिरत राहील’ असे यंत्र मोबाइलच्या चित्रफितीत दिसले, तर माणूस मोहात पडतो यात नवल नाही. कोणी चुंबकांची मोटर दाखवितो, कोणी खाली-वर होणाऱ्या वजनांचे चाक. पुढे अशा यंत्राच्या विक्रीहक्कासाठी अनामत मागितली जाते, तेव्हा प्रश्न विज्ञानाचा न राहता कुटुंबाच्या शिलकीचा होतो.

ही कल्पना आजची नाही. थोर गणिती भास्कराचार्य यांनी इ.स. 1150 मध्ये रचलेल्या ‘सिद्धान्तशिरोमणी’ या ग्रंथात आपोआप फिरणाऱ्या चाकाचे वर्णन केले आहे. चाकाच्या पोकळ आऱ्यांत अर्धवट पारा भरावयाचा. पारा एका बाजूस परिघाकडे सरकेल, ती बाजू जड होईल आणि चाक फिरत राहील, अशी ती योजना. चाळीसगावजवळील पाटण येथील शिलालेखात या आचार्यांच्या कुळाची माहिती कोरलेली आहे, म्हणजे हा वारसा आपल्याच प्रांताचा. परंतु ते चाक स्वतःहून फिरत नाही. एका बाजूचा पारा आसापासून दूर जातो हे खरे; पण त्याच वेळी दुसऱ्या बाजूस पारा असलेल्या आऱ्यांची संख्या अधिक असते. दोन्हींचा हिशेब जुळतो आणि चाक थांबते. यामुळे भास्कराचार्यांची थोरवी कमी होत नाही. ऊर्जेच्या अक्षय्यतेचा नियम मायर, जूल आणि हेल्महोल्ट्झ यांनी स्पष्ट केला तो 1840 च्या दशकात, म्हणजे जवळजवळ 700 वर्षांनी.

हा नियम व्यापारी कुटुंबांना समजावयास अवघड नाही. ऊर्जा नव्याने निर्माण होत नाही, नष्टही होत नाही. ती केवळ एका खात्यातून दुसऱ्या खात्यात वर्ग होते. उंचावरील पाण्याची ऊर्जा गतीच्या खाती, गतीची विजेच्या खाती, विजेची उष्णतेच्या खाती. आणि प्रत्येक वर्गवारीत घर्षणाचा व उष्णतेचा थोडा खर्च पडतो, जो परत वसूल होत नाही.

मोटरने जनित्र फिरवावे आणि त्याच जनित्राच्या विजेवर मोटर चालवावी, ही या मंडळींची आवडती मांडणी. मोटर शंभरातील 85 भाग उपयोगी पाडते असे धरले आणि जनित्रही तितकेच चांगले मानले, तर पहिल्या फेरीअखेर 100 चे 72 उरतात, दुसऱ्या फेरीअखेर 52. खाते वाढत नाही, रिकामे होते. चुंबकाचेही तसेच. तो लोखंडाला जवळ ओढताना जितके देतो, तितकेच ते दूर नेताना परत मागतो. खाली पडणारे वजन पुन्हा वर उचलावेच लागते.

‘पण दिवा तर डोळ्यांदेखत पेटला!’ असे सांगितले जाते. येथे थोडे गणित करावे. घरातील इन्व्हर्टरच्या 12 व्होल्ट, 150 अँपिअर-तासांच्या बॅटरीत पूर्ण भरलेली असता सुमारे 1.8 युनिट ऊर्जा असते. 10 वॅटचा दिवा तिच्यावर 180 तास, म्हणजे सात दिवसांहून अधिक जळू शकतो. उलट 5 अश्वशक्तीचा पंप तिच्यावर अर्धा तासही चालणार नाही. म्हणून पेटीत बॅटरी दडवून आठवडाभर दिवा पेटता ठेवणे सोपे आहे. दिवा पेटणे हा पुरावा नव्हे. मोठा भार दीर्घकाळ चालणे हा पुरावा.

1996 मध्ये तामिळनाडूतील रामर पिल्लै यांनी वनस्पती व पाण्यापासून पेट्रोल तयार केल्याचा दावा केला आणि देशभर त्यांचा गौरव झाला. पेट्रोलियम पदार्थांचे मिश्रण वनौषधी इंधन म्हणून विकल्याच्या प्रकरणात 2016 मध्ये चेन्नईच्या न्यायालयाने त्यांना शिक्षा सुनावली. मधल्या वीस वर्षांत दावा पुष्कळांनी पाहिला, तपासला मात्र थोड्यांनी.

‘पेटंट मिळाले आहे’ या शब्दानेही भुलू नये. 1970 च्या भारतीय पेटंट कायद्याच्या कलम 3 नुसार, प्रस्थापित निसर्गनियमांच्या उघड विरुद्ध असलेल्या दाव्यास पेटंट देता येत नाही. पॅरिसच्या विज्ञान अकादमीने तर 1775 मध्येच अशा कायमगती यंत्रांचे प्रस्ताव तपासणे थांबविले होते.

मग फुकट ऊर्जा मुळी नाहीच काय? सूर्याचे ऊन, वारा आणि वाहते पाणी यांचे बिल येत नाही. फेब्रुवारी 2024 मध्ये सुरू झालेल्या पंतप्रधान सूर्यघर योजनेत 3 किलोवॅटच्या घरगुती संचास 78,000 रुपयांपर्यंत अनुदान आहे. मात्र येथे जमेची बाजू स्पष्ट दिसते. ऊर्जा सूर्याची, खर्च पट्ट्यांचा आणि उभारणीचा. चांगल्या उन्हात 1 किलोवॅटचा संच दिवसाला सुमारे 4 युनिट देतो, आणि रात्री काहीच देत नाही. खरे यंत्र आपली मर्यादा लपवीत नाही.

जैन परंपरेत स्वाध्यायाचे पाच प्रकार सांगितले आहेत. वाचनेनंतर लगेच येते ती पृच्छना, म्हणजे शंका विचारणे. प्रश्न विचारणे हा अविनय नव्हे, तो अभ्यासाचाच भाग आहे. तेव्हा अशा यंत्राचा विक्रेता दारी आला, तर तीन गोष्टी शांतपणे विचाराव्यात. ऊर्जा कोणत्या खात्यातून येते? यंत्र सर्व बाजूंनी उघडून, आपल्या जागी, आपल्या मीटरवर महिनाभर पंप चालवून दाखवाल काय? आणि तोवर अनामत न घेता थांबाल काय? अखेरच्या प्रश्नाचे उत्तर ‘उद्या भाव वाढेल, आजच भरा’ असे आले, तर पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे मिळाली असे समजावे.