घरचा वैद्य : नसबंदीत कोणती ‘नस’ कापतात?

शेगावकडच्या शेतकरी बंधूंनो, नसबंदीची धास्ती तिच्या नावामुळे आहे. कापतात ती नस नव्हेच. अंडकोशातून बीज वर नेणारी बारीक नळी. इंद्रियाला जाणीव देणारी नस त्याच्या वरच्या अंगाने जाते. ताठरपणाच्या नसा ओटीपोटात खोल, प्रोस्टेट ग्रंथीला लागून. तिथवर हत्यार पोचतच नाही. म्हणून पुरुषपण जात नाही.

नळीलगतच्या बारीक नसांमुळे थोड्याजणांना दुखणे राहते. अशा वेळी डॉक्टरांना दाखवावे. चीनमध्ये १९७४ साली निघालेल्या बिनटाक्याच्या पद्धतीत जागा बधिर करून काम होते. आठवडाभर ओझे उचलू नये. तीन महिने दुसरे साधन वापरावे, मग वीर्य तपासून घ्यावे.

बाईच्या शस्त्रक्रियेत पोटाला छेद द्यावा लागतो. मुले पुरेशी झाली असतील, तर हा भार तिनेच का वाहावा?