गोळी सुटली, पण कोणाच्या भरवशावर?

मधुमेहींच्या व्हॉट्सॲप गटांत एक शब्दप्रयोग चांगलाच रुळला आहे: ‘गोळी सुटली’. दारू सुटावी, तंबाखू सुटावी, तशी गोळी सुटते. पहाटे कोणीतरी ग्लुकोमीटरचा फोटो टाकतो, उपाशीपोटी ९८. खाली ओळ असते, ‘सहा वर्षांची गोळी सुटली’. मग दिवसभर टाळ्या, जोडलेले हात, पुष्पगुच्छ. या फोटोत बहुतेक वेळा खोटे काही नसते. आकडा खरा असतो आणि आनंदही खरा. पण ज्यांचा आकडा ४०० वर गेला, जे घामाने डबडबून मोरीत कोसळले, ज्यांना मध्यरात्री रिक्षात घालून न्यावे लागले, त्यांचा फोटो कधी येत नाही. ते गटातून निघून जातात. पूर्वी ‘गट सोडला’ अशी राखाडी ओळ निदान सगळ्यांना दिसायची. २०२२ पासून तीही फक्त ॲडमिनला दिसते. एका गटात १०२४ माणसे मावतात. त्यांतली किती सुधारली हे सगळ्यांना ठाऊक असते, किती बिघडली हे कोणालाच नाही. ज्या वहीत फक्त जमेची बाजू आहे आणि खर्चाची पाने फाडलेली आहेत, त्या वहीवर किराणा दुकानदारही उधारी देणार नाही. आपण मात्र त्याच वहीच्या भरवशावर आईवडिलांचे इन्सुलिन बंद करतो आहोत.

हे वाचून कोणी गटांना नाके मुरडणार असेल तर त्याने आधी सरकारी किंवा खासगी, कोणत्याही दवाखान्याच्या बाकड्यावर एक सकाळ काढावी. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या देशव्यापी पाहणीनुसार देशात १०.१ कोटी मधुमेही आहेत आणि आणखी १३.६ कोटी लोक उंबरठ्यावर. गोव्यात तर प्रौढांमध्ये हे प्रमाण २६.४ टक्के निघाले, देशात सर्वाधिक. म्हणजे साधारण दर चौथा प्रौढ. एवढ्या माणसांना आपली व्यवस्था किती वेळ देते? जगभरच्या प्राथमिक आरोग्यसेवेचा आढावा घेणाऱ्या २०१७ च्या अभ्यासात भारतातल्या तपासणीचा सरासरी वेळ सुमारे दोन मिनिटे भरला. दोन मिनिटांत आहाराचा सल्ला म्हणून एवढेच बसते: गोड बंद, भात कमी, चालत जा. नवरात्रात नऊ दिवस साबुदाणा खायचा की नाही, एमआयडीसीत रात्रपाळी करणाऱ्याने डबा कधी उघडायचा, चूल एक आणि जेवणारे सहा असताना एकाची वेगळी भाकरी कोणी थापायची, रेशनवर तांदूळ आणि गहू येत असताना ज्वारी कोणत्या पैशांतून आणायची, यातले काही त्या दोन मिनिटांत येत नाही. गटात येते. रात्री अकराला विचारले तरी परभणीची कोणी ताई नाचणीच्या आंबिलाचे प्रमाण सांगते आणि ठाण्यातला कोणी निवृत्त बँकवाला ‘माझेही असेच झाले होते’ म्हणून धीर देतो. जुनाट आजाराचे ओझे औषधाने जितके हलके होते तितकेच ते या ‘माझेही’ने होते. ज्या घरात साखरेवरून रोज टोमणे बसतात, तिथल्या माणसाला हे सांगावे लागणार नाही.

शिवाय आहाराने मधुमेह हटतो, ही अफवा नाही. ब्रिटनमध्ये स्कॉटलंड आणि टाइनसाइड इथल्या साध्या कुटुंबवैद्यांच्या दवाखान्यांत ३०६ रुग्णांवर ‘डायरेक्ट’ नावाची चाचणी झाली. निम्म्यांना तीन ते पाच महिने दिवसाला जेमतेम ८५० कॅलरींच्या आसपास ठेवले, मग हळूहळू नेहमीच्या जेवणावर आणले. वर्षाअखेर त्यांच्यापैकी ४६ टक्क्यांचा मधुमेह औषधाविना नियंत्रणात होता. नेहमीचेच उपचार घेणाऱ्यांत हे प्रमाण ४ टक्के होते. २०१७ साली हे निष्कर्ष आले तेव्हा मधुमेहाचे पाठ्यपुस्तक एका अर्थाने बदलले. पण आपल्या गटांत या चाचणीचा मथळाच फिरतो, तिची चौकट नाही. तिच्यात मधुमेह होऊन सहा वर्षे उलटलेल्यांना घेतलेच नव्हते. इन्सुलिनवर असलेल्यांना घेतले नव्हते. साखरेच्या गोळ्या पहिल्याच दिवशी बंद केल्या होत्या, त्या डॉक्टरांनी, आणि प्रशिक्षित परिचारिका किंवा आहारतज्ज्ञ पुढे सतत लक्ष ठेवून होत्या. एवढे करूनही दुसऱ्या वर्षाअखेर ४६ चे ३६ टक्के झाले. म्हणूनच ‘बरा झाला’ हा शब्द तज्ज्ञ मुद्दाम टाळतात. औषध थांबवून किमान तीन महिने झाल्यावरही तीन महिन्यांची साखर, म्हणजे एचबीएवनसी, ६.५ टक्क्यांखाली असेल तर आजार ओसरला असे म्हणायचे, आणि ओसरलेले पाणी परत चढू शकते म्हणून तपासणी चालू ठेवायची. पहाटेच्या एका फोटोवरून यातले काहीच कळत नाही.

आमची भीती नेमकी इथे आहे. आहाराचा सल्ला थोतांड असता तर धोका कमी होता. कडुनिंबाची चार पाने चघळून फार काही बिघडत नाही. सल्ला गुणकारी आहे म्हणूनच तो डोसाशी खेळतो. ग्लिमेपिराइड ही आपल्याकडे सर्रास दिली जाणारी गोळी घ्या. ती स्वादुपिंडाला पिळून इन्सुलिन बाहेर काढते. तुम्ही जेवलात की नाही हे तिला कळत नाही. ज्याने सोमवारपासून गटाचे ऐकून चारऐवजी एकच जेवण सुरू केले आणि गोळी मात्र जुनीच ठेवली, त्याची साखर ७० च्या खाली घसरते. घाम, थरथर, धडधड, मग असंबद्ध बोलणे. गटात विचारले तर उत्तर तयार असते: ‘घाबरू नका, शरीरातली घाण बाहेर पडते आहे.’ सत्तरीच्या आजोबांच्या बाबतीत घरचेच म्हणतात, वयामुळे बरळतात. आणि कोणीतरी ठामपणे लिहितो, ‘मीही मेटफॉर्मिन घेतो, दोन वर्षे एकवेळ जेवतो, मला काही झाले नाही.’ खरेच झाले नसेल, कारण एकट्या मेटफॉर्मिनने साखर अशी सहसा कोसळत नाही. पण समोरच्याच्या गोळीत मेटफॉर्मिनबरोबर ग्लिमेपिराइडही आहे, आणि ते पाकिटाच्या पाठीवर मुंगीएवढ्या अक्षरांत छापले आहे.

दुसरी एक गोळी याहून चकवणारी आहे. डापाग्लिफ्लोझिनचे पेटंट २०२० मध्ये संपले, किमती उतरल्या आणि ती तालुक्याच्या औषध दुकानापर्यंत पोचली. गोळी चांगली आहे, हृदय आणि मूत्रपिंड दोघांनाही हितकर. ती लघवीवाटे साखर बाहेर टाकते. पण तिच्या जोडीला पोळी-भात पूर्ण बंद केला, लांब उपास केला किंवा उलट्या-जुलाब सुरू झाले, तर शरीर चरबी जाळू लागते आणि रक्त आम्लयुक्त होण्याचा धोका वाढतो. एरवी अशा वेळी साखर ३००-४०० च्या पुढे असते आणि घरचे धावपळ करतात. या गोळीवर ती २०० च्या आतही राहू शकते. मीटर म्हणते सगळे ठीक. माणूस धापा टाकतो, ओकतो, ग्लानीत जातो. गट मीटरचा फोटो बघून म्हणतो, ‘साखर छान आहे, लिंबूपाणी घ्या.’

हे सांगणारी माणसे दुष्ट नसतात. अडचण अशी की सल्ला पुढे ढकलला जाताना त्याच्या अटी गळून पडतात. सहा-सात वर्षांपूर्वी मराठी घरांत ‘दीक्षित की दिवेकर’ हा वाद ‘कोकणस्थ की देशस्थ’ इतका रंगला होता. दिवसात दोनदाच आणि ५५ मिनिटांच्या आत जेवा, हे सांगणारे डॉ. जगन्नाथ दीक्षित या कल्पनेचे श्रेय नागपूरच्या डॉ. श्रीकांत जिचकारांना देतात; दर दोन तासांनी थोडे थोडे, आणि आपल्या मातीतले खा, हे ऋजुता दिवेकरांचे म्हणणे. कोण बरोबर याचा निवाडा आम्ही करणार नाही. पण दीक्षितांच्या पद्धतीत सुरुवातीआधी एचबीएवनसी आणि उपाशीपोटीचे इन्सुलिन तपासून घ्या, ही अट ठळक आहे. चौथ्या-पाचव्या फॉरवर्डपर्यंत ‘५५ मिनिटे’ तेवढी उरतात. तपासणीला पैसे पडतात, मिनिटांना पडत नाहीत.

सर्वांत जास्त काळजी मुलांची. टाइप-१ मधुमेहात स्वादुपिंड इन्सुलिन जवळपास बनवतच नाही. इथे गोळी सुटण्याचा प्रश्नच नाही, कारण गोळीने भागतच नाही. इन्सुलिन हाच या मुलांचा श्वास. तरीही ‘मधुमेह’ हा एकच शब्द दोन्ही आजारांना चिकटल्यामुळे टाइप-२ च्या गटातले यश टाइप-१ च्या घरात शिरते. आहाराने हा आजार सांभाळण्याचा प्रयोग एकदा होऊन गेलेला आहे. इन्सुलिनच्या आधी अमेरिकेत डॉ. फ्रेडरिक ॲलन मुलांना मोजून-मापून उपाशी ठेवत. मरण काही महिने, फार तर थोडी वर्षे पुढे जाई, एवढेच. अमेरिकेचे तत्कालीन परराष्ट्रमंत्री चार्ल्स इव्हान्स ह्यूज यांची मुलगी एलिझाबेथ या उपचारावर तीन वर्षे कशीबशी तगली. ऑगस्ट १९२२ मध्ये तिला टोरांटोत फ्रेडरिक बँटिंगकडे नेले तेव्हा पंधरा वर्षांच्या या मुलीचे वजन वीसेक किलो होते. बँटिंग आणि त्यांचे सहकारी बेस्ट यांना इन्सुलिन सापडून जेमतेम वर्ष झाले होते. ती वाचली, संसार केला आणि १९८१ पर्यंत जगली. जगातल्या सर्वांत बलाढ्य देशाच्या मंत्र्याच्या घरी जे आहाराने साधले नाही, ते आपल्या गल्लीत एका काढ्याने साधेल असे मानणे हा भाबडेपणा नव्हे. मुलाच्या जिवाशी केलेला जुगार आहे.

मूत्रपिंडाच्या रुग्णांची कथा वेगळी लिहावी लागेल. त्यांना पोटॅशियम कमी हवे म्हणून भाजी उकळून पाणी फेकायला सांगतात; गट म्हणतो सत्त्व जाते, पाणी पिऊन टाका. रक्तदाबासाठी म्हणून घेतलेल्या कमी सोडियमच्या मिठात पोटॅशियम असते, शहाळ्यात असते, आणि रक्तदाबाच्याच टेल्मिसार्टनसारख्या गोळ्या ते शरीरात साठू देतात. दुधीच्या रसातला धोका वेगळा, पण सल्ल्याची गत तीच. दिल्लीत २०१० मध्ये असा रस प्यायल्यावर एका शास्त्रज्ञाचा जीव गेला, त्यानंतर आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या समितीने स्पष्ट सांगितले: रस कडू लागला तर थुंका, पिऊ नका. आपल्या आज्या दुधीची चकती जिभेला लावूनच भाजी फोडणीला टाकत. नातवंडांना मात्र ‘कडू म्हणजे औषधी’ हे कोणी शिकवले कोण जाणे.

मग करायचे काय? गटांवर बंदी घाला असे म्हणणाऱ्यांना व्हॉट्सॲप कळलेले नाही आणि आजारही. पण जिथे धंदा सुरू होतो तिथे कायदा आहे. १९५४ चा औषधे आणि जादुई उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) अधिनियम. त्याच्या अनुसूचीत मधुमेह आणि रक्तदाब दोन्ही आहेत. हे आजार औषधाने बरे करून देतो अशी जाहिरात करणे गुन्हा आहे. गंमत म्हणजे ‘जाहिरात’ या शब्दाच्या व्याख्येत तेव्हाच्या कायदेकारांनी प्रकाश, ध्वनी आणि चक्क धुराच्या साहाय्याने केलेली घोषणाही घातली आहे. धुरापर्यंत पोचलेल्या कायद्याला मोबाइलच्या पडद्यापर्यंत पोचणे अवघड नसावे. फुकट सुरू झालेला गट तिसऱ्या महिन्यात चूर्णाचे नव्वद दिवसांचे पॅकेज विकू लागला, तर अन्न व औषध प्रशासनाने तिथे शिरलेच पाहिजे.

मोठे काम मात्र आरोग्य खात्याचे आहे. गावोगावच्या आयुष्मान आरोग्य मंदिरांत समुदाय आरोग्य अधिकारी बसतो, रक्तदाब आणि साखर मोजतो, गोळ्या देतो. त्याच्याकडे आपल्या हद्दीतल्या मधुमेहींची यादी आहे. त्या यादीचा गट त्यानेच का करू नये? त्यात प्राथमिक आरोग्य केंद्राचा डॉक्टर असावा, तालुक्याला एक तरी आहारतज्ज्ञ असावा, आणि ‘जेवण कमी केले आहे, गोळी किती करू’ या प्रश्नाला त्याच दिवशी उत्तर मिळावे. हे होत नाही तोवर लोक परभणीच्या ताईलाच विचारणार आणि त्यांना दोष देण्याचा अधिकार आपल्याला नाही. डॉक्टरांनीही चिठ्ठीवर एक ओळ जास्त लिहावी: आहार बदललात तर यातली कोणती गोळी आधी कमी करायची. रुग्ण गटात आहे हे कळले की अनेक डॉक्टर चिडतात. मग रुग्ण लपवतो आणि डॉक्टरच्या कागदावर असलेला डोस व पोटात जाणारा डोस यांची कायमची फारकत होते.

ॲडमिन मंडळींकडे आमचे मागणे छोटे आहे. डोस कोणी कोणाला सांगायचा नाही, एवढा एक नियम सर्वांत वर चिकटवून ठेवावा. भाकरीचे पीठ सांगा, चालण्याचे अंतर सांगा, रडणाऱ्याला धीर द्या. आणि उद्या पहाटे ९८ चा फोटो आला की टाळ्यांच्या आधी कोणीतरी खाली विचारावे: गोळी कोणी बंद केली, आणि एचबीएवनसी कोणत्या तारखेला?