बेटावर पायी फिरा

क्रूझला गेलात तर बेटावर बसची सहल घेऊ नका, असं माझं मत आहे.

गेल्या उन्हाळ्यात आम्ही नवरा-बायको साउदॅम्प्टनहून क्रूझला गेलो. जहाज गर्न्सी बेटाजवळ थांबलं. मोठी जहाजं तिथे धक्क्याला लागत नाहीत. छोट्या बोटीतून उतरावं लागतं. (माझी आजी मुंबईहून आगबोटीने कोकणात जायची, तेव्हाही असंच असायचं म्हणे!)

बाकीचे बसमध्ये बसले. आम्ही चालत निघालो. एका दुकानात चहा घेतला, तर सुट्टे म्हणून गर्न्सीची एक पौंडाची नोट मिळाली. "ही स्लाऊमध्ये चालेल का?" बायकोने विचारलं. दुकानातल्या बाई हसल्या. "नाही चालायची. इथेच खर्च करा."

मग गप्पा सुरू झाल्या. गर्न्सीची स्वतःची भाषा आहे, गर्नेझिए. 1940 मध्ये युद्धामुळे बेटावरच्या हजारो मुलांना इंग्लंडला पाठवलं. त्यांत या बाईंची आई होती. पाच वर्षांनी ती परत आली, तेव्हा आजी काय बोलते ते तिला कळेना.

बसच्या खिडकीतून हे कळलं असतं का?

हां, शेवटच्या बोटीची वेळ मात्र लिहून घ्या. जहाजाची सहल असेल तर जहाज तिच्यासाठी थांबतं, आपल्यासाठी थांबत नाही. आम्ही पळतपळतच धक्क्यावर पोचलो!