माथेरानची लाल वाट

हृदयविकाराच्या झटक्यानंतर घरातील माणसे रुग्णाला जपू लागतात आणि जपता जपता त्याचे चालणेच बंद करून टाकतात. भोईवाड्यातील आमच्या चाळीत माझ्या थोरल्या बंधूंचे असेच झाले. डॉक्टरांनी चालण्याची मुभा देऊन सहा महिने लोटले, तरी दादा गॅलरीतील खुर्ची सोडीनात. वहिनींच्या मनातील भीती त्यांच्या पायांत उतरली होती.

अखेर डॉक्टरांच्या संमतीनेच आम्ही डिसेंबरात माथेरानला निघालो. दादरहून नेरळ, तेथून टॅक्सीने दस्तुरी नाका. त्यापुढे मोटारींना बंदी असल्याने बाजारपेठेपर्यंत सुमारे अडीच किलोमीटरची तांबड्या मातीची वाट उरते.

सुमारे ८०० मीटर उंचीवरील हे निमसदाहरित रान. १८५० साली ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट येथे चढून आले आणि मुंबईकरांसाठी बंगले उभे राहू लागले. आदिवासींच्या पाऊलवाटा मात्र त्याआधीच्या. १९०७ साली पीरभॉय कुटुंबाने बांधलेल्या लोहमार्गावरून दोन फुटी रुळांची गाडी वर आली. जांभूळ, अंजन, हिरडा यांच्या सावलीतून आम्ही त्याच रुळांकडेने चाललो होतो.

नियम एकच ठेवला होता : बोलता येईल इतक्याच वेगाने चालायचे. दादा हा सारा इतिहास सांगत होते. वाक्य मध्येच तुटले की आम्ही बसत होतो. एका जुन्या बंगल्याच्या जोत्यावर तर चांगली वीस मिनिटे बसलो. बाजारपेठेत पोहोचल्यावर दादा म्हणाले, "शार्लोट तलावही पाहू या." वहिनी क्षणभर गप्प राहिल्या. मग पाण्याची बाटली पुढे करून म्हणाल्या, "चला, पण सावकाश हं."

वाचकहो, अशा सहलीआधी वैद्यकीय सल्ला अवश्य घ्यावा. तातडीची औषधे सामानात न ठेवता खिशात ठेवावीत. मधुमेहींनी सोबत खाऊ व साखर बाळगावी, दमेकऱ्यांनी धुळीपासून नाक-तोंड झाकावे. परतीसाठी निम्मी शक्ती राखून ठेवावी. छातीत दुखले, दरदरून घाम फुटला वा चक्कर आली, तर तेथेच थांबून मदत मागवावी. 'अजून थोडेच राहिले' म्हणून पुढे जाऊ नये.

जपणे म्हणजे बसवून ठेवणे नव्हे, सोबत चालणे होय. हल्ली सकाळचे दूध आणायला तीन जिने उतरून दादाच जातात. वहिनी गॅलरीत उभ्या असतात; पण "जपून" एवढेच म्हणतात.