हौसेचं ऑफ-ग्रिड, सक्तीचं ऑफ-ग्रिड

मंडळी, सध्या आमच्या हापिसात नवीन साथ आली आहे. आधी बुलेटची आली, मग मॅरेथॉनची, आता कॅम्परव्हॅनची. जुनी टेम्पो ट्रॅव्हलर घ्यायची, आतल्या सीटा उपटायच्या, बिछाना, ओटा, पाण्याची टाकी बसवायची. टपावर ४०० वॉटची सोलर पॅनेलं, खाली २०० एएचची लिथियम बॅटरी, इन्व्हर्टर आणि एक छोटा फ्रीज. मग विकांताला भंडारदऱ्याला नाहीतर कोकणात जाऊन जाहीर करायचं, आम्ही 'ऑफ-ग्रिड' आहोत! जेवणाच्या सुट्टीत चर्चा काय, तर लेड-अ‍ॅसिडवरून लिथियमवर कधी जायचं आणि ढगाळ दिवशी फ्रीज किती तास टिकेल. नुसत्या विजेवर लाख-दीड लाख रुपये सहज जातात, आणि पब्लिक ते खुशीत घालवतं.

हौसेला मोल नसतं, तेव्हा त्याबद्दल तक्रार नाही. उलट मला ते गणित आवडतं. भार किती, ऊन किती, साठा किती हे एकदा कळलं की बाकी सगळं वायर आणि फ्यूज. माझं भांडण दुसरंच आहे.

मी मूळचा बीड जिल्ह्यातला. आमच्याकडे काही लाख माणसं दरवर्षी चार ते सहा महिने ऑफ-ग्रिड राहतात. दसरा-दिवाळी झाली की धारूर, केज, वडवणी, पाटोदा, शिरूर कासार, आष्टी इथल्या वाड्यावस्त्यांवर म्हातारी माणसं आणि कुत्री उरतात. बाकीचे बैलगाडीत नाहीतर ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत संसार भरून निघतात : सांगली, कोल्हापूर, सातारा, सोलापूर, पुणे, अहिल्यानगर, थेट बेळगावपर्यंत. पीठ, सरपण, शेळी, पोरं, सगळं चाकांवर. पट्टा पडला की पाडव्याच्या आसपास परत. चाकांवरचं घर, उघड्यावरचा मुक्काम, ग्रिडशी संबंध नाही. व्याख्येत काही कमी आहे का? फक्त याला कुणी कॅम्पिंग म्हणत नाही. याला ऊसतोड म्हणतात.

ज्यांनी कधी पाहिलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक 'कोयता'. मुकादम उचल देतो, ती फिटेपर्यंत कोयता राबतो. राहायला कोपी : बांबू, ताडपत्री आणि पाचट. आत उभं राहता येईलच असं नाही. बाई पहाटे तीन-चारला उठते, अंधारात पाणी शोधते, अंधारात भाकरी थापते, कारण उजाडायला फडात पोचायचं असतं. रात्री गाडी भरायची पाळी आली तर तेही बॅटरीच्या नाहीतर ट्रॅक्टरच्या उजेडात. पाचटात साप असतो. जुन्नर-शिरूरच्या पट्ट्यात उसात बिबट्या असतो. आणि रात्री आडोशाला जाणाऱ्या बाईला माणसाचीही भीती असतेच. या सगळ्यावर दहा वॉटचा दिवा हा काही रामबाण इलाज नाही. पण अंधार हा कुठल्याच रोगावरचा इलाज नाही, एवढं तरी मान्य व्हायला हरकत नसावी.

आता गंमत बघा. महाराष्ट्र सरकारने २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. पर्यटक गाडी घेऊन येणार, तर त्याच्यासाठी कॅरॅव्हॅन पार्क हवं, तिथे पाणी हवं, रस्ता हवा, वीज हवी. अगदी बरोबर! चाकांवर राहणाऱ्या माणसाला रात्री या गोष्टी लागतात, हे सरकारला नीट कळतं. फक्त तो माणूस दोन दिवसांसाठी आला असावा आणि पैसे देऊन आला असावा. सहा महिन्यांसाठी राबायला आला असेल तर त्याला कारखान्याच्या बाजूचं माळरान पुरतं.

चला, हापिसातलं तेच गणित कोपीला लावून बघू. पाच-पाच वॉटचे दोन एलईडी, पाच तास : ५० वॉट-तास. दोन मोबाइल आणि डोक्याला बांधायचा एक टॉर्च : ५० धरा. बारा व्होल्टवर चालणारा छोटा पंखा, १५ वॉट, सहा-सात तास : १००. एकूण २०० वॉट-तास, म्हणजे युनिटचा पाचवा भाग. यासाठी १०० वॉटचं एक पॅनेल बस्स झालं. ऊसतोडीचा हंगाम म्हणजे कोरडे महिने, महाराष्ट्रात ऊन भरपूर. पाच तासांचं चांगलं ऊन आणि तीस टक्के गळती धरली तरी दिवसाला ३५० वॉट-तास हाती येतात. साठवायला १२.८ व्होल्ट, ३० एएचची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी : ३८४ वॉट-तास, वजन चार किलोच्या आसपास. पॅनेल, बॅटरी, कंट्रोलर, वायरी सगळं मिळून बारा-तेरा किलो. भरलेल्या घागरीपेक्षा हलकं. किरकोळ बाजारात हे सगळं दहा ते पंधरा हजारांत बसतं, घाऊक घेतलं तर आणखी खाली यावं. इन्व्हर्टर नको, कारण सगळं बारा व्होल्टवर. फ्रीज नको, कारण त्यात ठेवायला काही नाही.

'अपग्रेड'चा मुद्दाही इथेच येतो. काही कोप्यांवर आजही छोटं पॅनेल दिसतं, लोकांनी स्वतःच्या पैशाने आणलेलं. म्हणजे गरज आहे की नाही हा प्रश्नच मिटला. पण सोबत असते लेड-अ‍ॅसिड बॅटरी. ती निम्म्याच्या खाली उतरवली की तिचं आयुष्य झपाट्याने घटतं, आणि कोपीत ती रोज तळापर्यंत उतरते. शिवाय तेवढीच वापरता येणारी वीज साठवायची तर तिचं वजन चार-पाच पट. गाडी आडवी झाली तर अ‍ॅसिड सांडतं ते वेगळं. लिथियम आयर्न फॉस्फेटला खोल उतरणं सोसतं, दोन हजारांवर चार्ज सहज निघतात आणि तापमानाच्या बाबतीतही ती लिथियमच्या इतर प्रकारांपेक्षा शांत आहे. हौशी मंडळी ज्या कारणांसाठी लिथियमवर जातात, ती सगळी कारणं कोपीला दसपट लागू आहेत.

म्हणजे तंत्रज्ञान आहे, ऊन आहे, गणित जमतं. मग अडलंय कुठे?

अडलंय ते पत्त्यावर. आपल्या विजेच्या सगळ्या योजनांचा डेटाबेस बघा, त्याची प्रायमरी की एकतर छप्पर आहे नाहीतर सातबारा. २०१७ ची सौभाग्य योजना घराला मीटर देणारी. २०१९ ची कुसुम योजना शेताला पंप देणारी. २०२४ ची पीएम सूर्यघर योजना तर तीन किलोवॉटच्या पॅनेलला ७८ हजारांपर्यंत अनुदान देते, पण पक्कं छप्पर आणि वीजजोडणी हवी. ऊसतोड कामगाराच्या गावच्या घराला मीटर आहे, म्हणून कागदावर तो 'विद्युतीकृत'. सहा महिने त्या घराला कुलूप आहे, हे कुठल्या रकान्यात भरायचं? माणूस हलतो आणि रेकॉर्ड जागेवर राहतं, हा सरळसरळ डिझाइनमधला बग आहे. तो दुरुस्त होत नाही असंही नाही. रेशनचा असाच बग होता, 'एक देश एक रेशनकार्ड' आल्यावर गावचं कार्ड दुसऱ्या जिल्ह्यात, दुसऱ्या राज्यात चालू लागलं. धान्य माणसामागे जाऊ शकतं, मग वीज का नाही?

आणि आता जो मुद्दा माझ्या डोक्यात जातो तो. कारखान्यात ऊस पिळल्यावर उरतो बगॅस. तो बॉयलरमध्ये जाळून वाफ आणि वाफेवर वीज. महाराष्ट्रात अशा सहवीज प्रकल्पांची क्षमता दोन हजार मेगावॉटच्या वर आहे. उच्च दाबाच्या बॉयलरवर एक टन उसामागे ढोबळमानाने शंभरेक युनिट वीज तयार होते. त्यातली काही कारखाना वापरतो, उरलेली ग्रीडला विकतो. एक कोयता दिवसाला दीड-दोन टन ऊस तोडतो. दोन टन धरा. म्हणजे त्या जोडप्याच्या दिवसभराच्या घामातून दोनशे युनिट वीज जन्माला येते. त्यांना रात्री हवी आहे एक पंचमांश युनिट. हजारातला एक भाग! जिच्या कोयत्यातून ती दोनशे युनिटं निघाली, ती बाई चिमणीच्या उजेडात भाकरी करते, आणि कारखान्याचे दिवे तिला कोपीतून दिसत असतात.

बीडला हे नवीन नाही म्हणा. परळीच्या औष्णिक केंद्रात २५० मेगावॉटचे तीन संच आहेत, राख परळीकरांनी खाल्ली आणि वीज गेली राज्यभर. पण निदान परळीत मीटर तरी आहे.

आता नेहमीचे आक्षेप.

"पॅनेलं चोरीला जातील." ज्या माणसाची बैलजोडी उघड्यावर बांधलेली असते, त्याला राखण शिकवायला आपण कोण?

"आकडा टाकतात की ते लोक!" काही ठिकाणी टाकतात, नाही कशाला म्हणू. पाचटाच्या कोपीत उघडी वायर म्हणजे काय, याचा विचार करा. आकडा ही सोय नाही, ती आगीची आगाऊ उचल आहे.

"हार्वेस्टर येतोय, कामगार राहणारच नाहीत." सरकारने २०२३ मध्ये ऊसतोडणी यंत्राला ४० टक्के किंवा ३५ लाखांपर्यंत अनुदान जाहीर केलं. एका यंत्राच्या अनुदानात २९० कोप्यांना उजेड मिळतो. यंत्र यायचं तेव्हा येईल, पण तोपर्यंतचे हंगाम अंधारात काढा असं सांगायचा अधिकार कुणाला आहे?

"सोलर कंदील वाटून झालेत." हा आक्षेप मात्र खरा आहे. वाटणं सोपं, टिकवणं अवघड. आयआयटी मुंबईच्या 'सोल' प्रकल्पाने २०१४ पासून विद्यार्थ्यांसाठी लाखो सौर दिवे केले, तेव्हा जोडणी आणि दुरुस्ती दोन्ही स्थानिक लोकांच्या हाती दिली होती. धडा तोच. त्या प्रकल्पामागचे प्राध्यापक चेतन सोळंकी २०२० पासून सौर बसमध्ये राहून देश फिरायला निघाले. त्या बसवर ३.२ किलोवॉटची पॅनेलं आणि ६ किलोवॉट-तासांची बॅटरी. चाकांवरच्या घरात सूर्यावर राहता येतं, हे त्यांनी एखाद्या विकांतापुरतं नाही, वर्षानुवर्षं राहून दाखवलं.

शेवटचा आक्षेप आपल्याच बाजूच्या लोकांचा, म्हणून जास्त गंभीर : "कोपीत दिवा लावून तुम्ही हे स्थलांतर सुखाचं करताय. मुळात स्थलांतरच थांबायला हवं." थांबायला हवंच. बीडमध्ये पाणी आणि काम हवं, पोरांची शाळा दिवाळीत तुटायला नको. पण अंधाराने कुणाची लढाई जिंकून दिल्याचं माझ्या तरी ऐकिवात नाही. मोबाइल चार्ज असेल तर वजनाच्या पावतीचा फोटो निघतो, उचलीचा हिशोब लिहून राहतो, बाळंतपणाला १०८ लागतो. हक्क मागायलाही बॅटरी लागते हो!

आता पैसा. राज्यात दहा लाख ऊसतोड कामगार धरा, म्हणजे पाच लाख कोयते. प्रत्येकी १२ हजार म्हणजे ६०० कोटी. आठ वर्षांवर पसरले तर वर्षाला ७५ कोटी. बऱ्या हंगामात राज्याचं गाळप दहा कोटी टनांच्या घरात जातं. म्हणजे टनामागे साडेसात रुपये. २०२५-२६ च्या हंगामाला उसाची एफआरपी टनाला ३,५५० रुपये आहे. तोडणीचा दर जानेवारी २०२४ च्या करारात ३४ टक्के वाढल्यावर साधारण ३६६ रुपये झाला, म्हणजे दोन टनांचे दोन माणसांत ७३२. गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळासाठी टनामागे १० रुपये कारखान्यांनी आणि तेवढेच सरकारने द्यायचे, असं ठरलेलंच आहे. तिजोरी नव्याने शोधायची नाही, आहे तिच्यात एक रकाना वाढवायचा आहे.

माझं म्हणणं एका जीआरमध्ये मावतं. हंगामाच्या सुरुवातीला कारखान्याने प्रत्येक कोयत्याला एक पेटी द्यावी, नोंद कामगाराच्या नावावर, मुकादमाच्या नाही, आणि तिचा पैसा उचलीत धरायचा नाही. बिघडली तर कारखान्याच्या गट ऑफिसात बदलून मिळावी. पट्टा पडल्यावर ती गावी न्यायची मुभा असावी. दुरुस्तीचं काम टोळ्यांमधल्याच आयटीआय झालेल्या पोरा-पोरींना द्यावं. आणि जो कारखाना ग्रीडला वीज विकतो, त्याने तळावर चार खांब आणि पाण्याच्या जागी एक दिवा आपल्या खर्चाने लावावा. ही मेहेरबानी नाही, हजारातला एक भाग परत आहे.

असो. पुढच्या वेळी कुणी विचारलं की २०० एएच पुरेल का ३०० घेऊ, तर जरूर मदत करा. फक्त त्याच दमात सांगा, की त्याच्या चहातली साखर ज्यांनी तोडली त्यांना ३० पुरतात, आणि तेवढेही अजून कुणी दिलेले नाहीत.