माळावरील बाग आणि हरिणांची वहिवाट

सांगली जिल्ह्यात विस्ताराने सर्वांत मोठा आणि अवर्षणाने पिढ्यान्‌पिढ्या गांजलेला जो जत तालुका, त्याच्या माळावर म्हैसाळ उपसा सिंचन योजनेचे पाणी जसजसे पुढे सरकत आहे, तसतशी काल-परवापर्यंत कुसळी गवत आणि माडग्याळी मेंढरे यांखेरीज जिच्यावर काही दिसत नसे, त्या मुरमाड जमिनीवर डाळिंबाच्या आणि द्राक्षांच्या बागा उभ्या राहत आहेत. या स्थित्यंतराचे आम्ही मनःपूर्वक स्वागत करतो. परंतु ज्या माळावर या बागा आल्या, तो माळ निर्जन असला तरी निर्जीव कधीच नव्हता. काळवीट आणि चिंकारा यांची तेथील वहिवाट आपल्या सातबाऱ्याहून जुनी आहे. हरणे बागेत शिरली अशी आपली तक्रार असते. पण बागच हरणांच्या कुरणात गेली आहे, ही वस्तुस्थिती ध्यानात घेतल्यावाचून या उपद्रवाचा बंदोबस्त होणे शक्य नाही.

बंदोबस्ताची पहिली पायरी म्हणजे प्राण्याची नेमकी ओळख. याच जिल्ह्यातील सागरेश्वर अभयारण्याच्या शेजारी ज्यांची शेती आहे, त्यांची गाठ काळविटाबरोबरच चितळ आणि सांबर यांच्याशी पडते. चितळ-सांबरांची शिंगे दरसाल गळून नवी येतात, आणि नव्या शिंगांवरील मखमली कातडे उतरविण्यासाठी नर ती झाडाच्या खोडावर घासतात, त्यामुळे साल सोलली जाऊन कोवळे झाड वाळून जाते. जतच्या उघड्या माळावरील काळवीट आणि चिंकारा यांची शिंगे मात्र आजन्म टिकणारी असतात, आणि त्यांचा मुख्य उपद्रव पालवी खुडण्याचा आहे. काळवीट धावताना उंच झेप घेते हे खरे. तथापि पाठीमागे कोणी लागलेले नसताना ते, आणि चिंकाराही, कुंपणावरून उडी मारण्यापेक्षा तारेखालून अंग काढून घेणेच पसंत करतात. अमेरिकेतील बागायतदार तेथील हरणांसाठी आठ फुटी जाळी उभारतात, हे वाचून आपणही उंचीवर पैसा ओतावा आणि तळाशी दीड फुटाची फट ठेवावी, यासारखा अपव्यय दुसरा नाही. कारण चिंकारा खांद्याशी जेमतेम दोन फूट उंच असतो.

दुसरी गोष्ट काळाची. डाळिंबाचा आंबे बहार धरणारा बागायतदार ताण देऊन, पानगळ करून आणि छाटणी उरकून बागेला पहिले पाणी सोडतो, आणि पुढे काही दिवसांतच फांदीच्या डोळ्याडोळ्यातून तांबूस, लुसलुशीत पालवी फुटू लागते. नेमक्या याच सुमारास भोवतालचा माळ वाळून करडा झालेला असतो, आणि ज्याला पाण्याची गरजसुद्धा बव्हंशी पाल्यातील ओलाव्यावर भागवावी लागते, अशा चिंकाराला कोसभर परिघात तेवढाच एक हिरवा घास उरतो. म्हणून राखणीचा कडक हंगाम म्हणजे हिवाळा सरल्यापासून वळवाच्या सरी येईपर्यंतचा. बारमाही जागरण करून माणसे थकविण्याचे प्रयोजन नाही.

तिसरी गोष्ट झाडाच्या वयाची, आणि आमच्या मते हीच सर्वांत महत्त्वाची. वाढलेल्या झाडाची खालची चार पाने गेली तर ते सोसते. परंतु पहिल्या दोन वर्षांतील गुटी कलमाचे शेंडे वारंवार खुडले गेले, तर त्याचा सांगाडाच बिघडतो आणि त्या झाडाची खोट पुढे अनेक बहार भरून निघत नाही. यास्तव आमचा आग्रह असा की, तुटपुंज्या भांडवलाच्या बागायतदाराने सबंध शिवाराला तार ओढण्याचा विचार मागे ठेवून प्रथम एकेका रोपाभोवती चार-साडेचार फूट उंचीचे जाळीचे कडे उभे करावे, ते खुंटीने जमिनीशी पक्के करावे आणि झाड वर निघाल्यावर तेच कडे नव्या लागणीस वापरावे. बांधावर बोरी-बाभळीच्या फेसाट्या रचण्याची वडिलोपार्जित रीतही टाकाऊ नाही. मात्र त्या फेसाट्या खालून दाट असाव्यात आणि दर उन्हाळ्यात नव्याने भराव्यात. साड्यांचे पडदे, उग्र वासाची फवारणी, बुजगावणी यांचा धाक थोडे दिवस टिकतो. प्राणी सरावला की तो ओसरतो.

ज्यांना सौर कुंपण परवडते, त्यांनी एक बारकावा विसरू नये. या कुंपणाचा क्षणिक झटका प्राण्याच्या पायातून जमिनीत उतरून यंत्राकडे परतला तरच जाणवतो. आणि जतचा मुरूम ऐन उन्हाळ्यात इतका कोरडा असतो की हा परतीचा मार्गच खुंटतो. तेव्हा भूसंपर्काच्या सळया खोल ठोकून त्यांच्या बुडाशी ओल राखावी, किंवा जिवंत तारांच्या मध्ये एक भूसंपर्काची तार ओढावी. सर्वांत खालची तार वीतभर उंचीवर असावी आणि तिला टेकणारे तण वेळच्या वेळी काढावे. घरगुती विजेची तार कुंपणाला जोडणे हा मात्र उपाय नव्हे, तो मनुष्यवधाला निमंत्रण देणारा गुन्हा आहे. मासेमारीची जुनी जाळी लावण्याचा प्रघातही सोडला पाहिजे; तिच्यात शिंगे अडकून काळवीट तडफडून मरते.

काळवीट आणि चिंकारा हे दोन्ही प्राणी 1972 च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाच्या पहिल्या अनुसूचीत आहेत आणि त्यांच्या शिकारीस किमान तीन वर्षे कारावासाची शिक्षा आहे. त्याचबरोबर फळझाडांच्या नुकसानीबद्दल शासनाकडून भरपाई मिळण्याची तरतूदही आहे. तिच्यासाठी वेळ न दवडता वनरक्षकाकडे अर्ज द्यावा आणि पंचनामा होईपर्यंत खुडलेले शेंडे व पाऊलखुणा तशाच ठेवाव्यात. आपल्या बाजूचे कर्तव्यही स्मरावे. कठडा नसलेल्या विहिरी आणि प्लॅस्टिकच्या निसरड्या कागदाची शेततळी ही कुत्र्यांनी पिटाळलेल्या हरणांची मरणस्थाने आहेत. विहिरीला कठडा आणि तळ्यात एका बाजूस दोरांची जाळी सोडणे, एवढे प्रत्येकाच्या आवाक्यात आहे.

एकट्याने उभारलेले कुंपण कळपाला शेजाऱ्याच्या बागेकडे वळविते, म्हणून हा प्रश्न ग्रामसभेत मांडून, ओढ्याकाठची आणि गायरानातील हरणांची ये-जा मोकळी ठेवून, बागांची राखण सर्वांनी मिळून ठरवावी. येत्या पावसाळ्यात जे नवी लागण करणार आहेत त्यांना आमची कळकळीची विनंती आहे की, खड्डे, कलमे आणि ठिबक यांच्या खर्चाचा अंदाज कागदावर मांडताना झाडांच्या कड्यांचा खर्चही त्याच कागदावर, खड्डा खणण्यापूर्वी, लिहावा.