डबीमागची बारीक अक्षरे

थंडीची चाहूल लागली की नरखेड, मोवाड, जलालखेडा येथील जनरल स्टोअर्समध्ये कोल्ड क्रीम आणि लोशनच्या बाटल्या दर्शनी फळीवर येतात. त्यांच्या मागील बारीक अक्षरांत ‘पीईजी-१०० स्टिअरेट’ हे नाव पुष्कळदा आढळते. विकणाऱ्यास आणि वापरणाऱ्यास त्याचा अर्थ ठाऊक असावा, यासाठी हा प्रपंच.

तेल आणि पाणी एकत्र नांदत नाहीत. म्हणूनच आपले संत्रा बागायतदार निंबोळी तेल फवारताना पाण्यात थोडा साबण घालतात. क्रीममध्ये तेच कार्य हा कृत्रिम पायसीकारक करतो. त्याच्या रेणूचे स्टिअरिक आम्लाचे टोक तेलास धरते. इथिलीन ऑक्साइडच्या सरासरी १०० एककांची साखळी पाण्यास धरते. त्यामुळे तेलाचे सूक्ष्म थेंब विखुरलेले राहतात आणि क्रीम फाटत नाही.

मग अपाय होतो काय? हा रेणू आकाराने मोठा असल्याने निरोगी त्वचेत सहजी शिरत नाही. चिंता त्याची नसून, निर्मितीत मागे राहू शकणाऱ्या १,४-डायॉक्सेन या अशुद्धीची आहे. कर्करोगाच्या दृष्टीने ती संशयित मानली जाते. निर्वात प्रक्रियेने ती बरीचशी काढता येते. युरोपीय वैज्ञानिक समितीने २०१५ साली तयार प्रसाधनात दहा लाख भागांत १० भागांपर्यंतचे प्रमाण सुरक्षित ठरविले. तात्पर्य, शुद्धीकरण काटेकोर असेल तर भयाचे कारण नाही. तथापि भेगांतून रक्त येत असेल तर प्रथम डॉक्टरांना दाखवावे.

आपल्या घरांसाठी मात्र आणखी एक प्रश्न उरतो. स्टिअरिक आम्ल पामतेलापासून मिळते, तसेच गुरांच्या चरबीपासूनही मिळते. दोहोंचे रासायनिक नाव एकच. त्यावरून उगम कळत नाही. भारतात २०१४ पासून प्रसाधनांची प्राण्यांवर चाचणी करण्यास बंदी आहे; परंतु ‘प्राण्यांवर चाचणी नाही’ म्हणजे ‘प्राणिज घटक नाही’ असे नव्हे.

बँकेत तारणाची कागदपत्रे तपासल्याविना कर्ज मंजूर होत नसे. व्यापारी बंधूंनीही माल भरताना घटक वनस्पतिजन्य असल्याचे उत्पादकाचे लेखी पत्र वितरकाकडे मागावे. गिऱ्हाइकाने विचारल्यास ‘असेल शाकाहारी’ असे मोघम सांगण्यापेक्षा ते पत्र दाखविता आले, तर दुकानाची पत वाढते आणि घेणाऱ्याचे मनही निःशंक होते.